अठरा किलो कमी करून या

आहाराच्या मॅडम म्हणाल्या, "आनंदाभाऊ, दर मंगळवारी तुमच्यासारखी माणसं येतात. डॉक्टर म्हणतात आधी वजन उतरवा, मग ऑपरेशन. त्यातली बरीच परत तोंड दाखवत नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही लिहा." मी म्हटलं, मॅडम, मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. पावतीवर नाव आणि वजन लिहितो, त्यापलीकडे लिहिणं नाही. त्या म्हणाल्या, मग तेच लिहा.

तर नाव आनंदा. गाव सांगली जिल्ह्यात, खानापूर तालुक्यात. आमच्याकडे घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात परमुलखात असतो. गलाई म्हणजे जुनं सोनं-चांदी भट्टीत वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. सोळाव्या वर्षी मामानं मला नागपूरला इतवारीत आणलं. मामा गेला, दुकान मला राहिलं. पुढे भट्टी, मागे राहायची खोली, बायको शालन. मुलगी गावाकडे माझ्या आईजवळ शिकते. वय त्रेचाळीस.

वजन एकशे आठ होतं.

माणसं बरी झाल्यावर असं लिहितात म्हणे. मी पूर्ण बरा झालेलो नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

गाठ

बऱ्याच वर्षांपूर्वी मिरजेला माझं पोटाचं ऑपरेशन झालं होतं. बेंबीच्या वर त्याचा उभा व्रण आहे. त्या व्रणाच्या मधोमध एक गाठ यायला लागली. आधी लिंबाएवढी, मग पेरूएवढी. झोपलं की आत जायची, भट्टीपुढं वाकलं की बाहेर यायची. मी ती हातानं दाबून आत घालायचो आणि कामाला लागायचो. दोन वर्षं असं चाललं. शालन म्हणायची दाखवून या. मी म्हणायचो वायू आहे.

नोव्हेंबरात एकदा मूस उचलताना, म्हणजे सोनं वितळवायचं भांडं उचलताना, पोटात अशी कळ आली की मी खालीच बसलो. उलटी झाली. दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यात रांगेला लागलो.

डॉक्टर तरुण होते. रात्रपाळी करून आल्यासारखे डोळे. मला झोपवलं आणि म्हणाले, "हात न लावता नुसती मान उचला." मान उचलली तशी गाठ टचकन वर आली.

"हर्निया आहे. हे आतडं आहे तुमचं."

मी खाली मान घालून बघितलं. दोन वर्षं मी स्वतःचं आतडं अंगठ्यानं आत ढकलत होतो.

"मग कधी करताय साहेब?"

"करत नाही." त्यांनी माझ्या पोटाची वळी दोन्ही हातांत धरली. "एवढी चरबी आत दाब देते. आता शिवलं तर शिवलेलं टिकणार नाही. भूल देणंही धोक्याचं. अठरा किलो कमी करून या."

"आणि तोवर?"

"तोवर गाठ आत जायची बंद झाली, कडक झाली, उलटी झाली, तर एक तासही घरी थांबायचं नाही. अडकलेलं आतडं सडतं."

हे सगळं त्यांनी कागदावर लिहून दिलं, आणि वर अठरा लिहून खाली दोन रेघा मारल्या.

शालन बाहेर बाकावर बसली होती. "काय म्हणालं?"

"बारीक व्हा म्हणाले."

"एवढंच व्हय!" म्हणून ती हसली. इतकी मोकळी हसली की मला पुढचं सांगवलं नाही. तीन दिवस मी ते आतडं सडायचं एकटाच घेऊन बसलो होतो. चौथ्या दिवशी तिनं कागद शेजारच्या दुकानदाराकडून वाचून घेतला. संध्याकाळी ताटात एकच भाकरी होती, आणि ती माझ्याशी बोलत नव्हती.

बारा कप

आहाराच्या मॅडम भिवापूरकडच्या. वयानं लहान, पण मला कधी हसल्या नाहीत. मी म्हटलं मी फार खात नाही. त्या म्हणाल्या, वही करा, तोंडात जाईल ते लिहा.

पहिल्या दिवशीची वही बघून माझी मलाच लाज वाटली. सकाळी तर्री-पोहे, वर शेव. आणि चहा बारा कप. आमच्या धंद्यात गिऱ्हाईक माल घेऊन आलं की चहा येतो, आणि त्याच्याबरोबर दुकानदारानंही घ्यायचा असतो. सोनं भट्टीत असताना गिऱ्हाईक हलत नाही. समोर बसून राहतं, माल नजरेआड होऊ देत नाही. त्या वेळात दुकानदारानं चहा नाकारला तर त्याला वाटतं, ह्याच्या मनात काहीतरी आहे. सत्तावीस वर्षं मी दिवसाला बारा वेळा माझा प्रामाणिकपणा गोड करून प्यालो.

चहा सुटला, पण त्यानं दोन जुनी गिऱ्हाइकं गेली. एक सराफ तोंडावर म्हणाला, "क्या आनंदाभाऊ, आजकल हमारी चाय नहीं चलती?" दवाखान्याचा कागद दाखवावा असं मनात आलं होतं. नाही दाखवला.

चालायला सांगितलं होतं. वजन उचलायचं नाही, पोटाचा व्यायाम नाही, पोटपट्टा बांधून फक्त चालायचं. कोइमतूरला गलाईत असलेल्या मेहुण्यानं पोट हलवून चरबी उतरवायचा विजेचा पट्टा पाठवला. डॉक्टर म्हणाले, हा बांधलात तर सरळ माझ्याकडे आणावं लागेल तुम्हाला. एका सोनारानं पावलं मोजणारं घड्याळ भेट दिलं. मी दिवसभर बसून कानशीनं कडी घासत होतो, संध्याकाळी घड्याळानं आठ हजार पावलं दाखवली. हात हलला की ते पाऊल धरत होतं. शालनकडं देऊन टाकलं. ती म्हणाली, "मी पीठ मळताना घालते. कन्याकुमारीला पोचीन."

त्या दिवसांतलं तिचं ते एकच हसणं मला आठवतं. ती माझ्यासारखंच खायला लागली होती. वेगळं करून खायला जीव होत नाही म्हणाली. माझं उतरायच्या आधी तिचं उतरलं. तिच्या अंगावर उतरायला काही नव्हतंच. बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या.

गावाहून आईचा फोन यायचा. माझा फोटो बघून ती शालनला म्हणाली, "भरलेला गडी माझा. काय करून ठिवलंस गं?" शालननं फोन माझ्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला.

धनराजभाऊ

धनराजभाऊ भांडेबाजारात ठेला ओढतो. माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, अंगावर मांस नाही, पण पितळी घंगाळांची चळत एकटा ओढून नेतो. पहिल्या दिवशी मी पहाटे साडेपाचला बागेकडे निघालो, तर तो ठेल्यावर बसून दात घासत होता.

"जयभीम आनंदाभाऊ. काहून गा, वहिनीनं हाकललं का सकाळी सकाळी?"

"डॉक्टरनी चालायला सांगितलंय."

"मंग एकटा काहून चालून राहिला? पडला-बिडला तं तुले उचलाले चार जणं लागन. थांब, मी येतो."

दिवसभर ठेला ओढणारा माणूस माझ्याबरोबर बागेला फेऱ्या मारायला यायला लागला. एक दिवस चुकला नाही. पहिल्या आठवड्यात माझ्या दोन फेऱ्या व्हायच्या आणि मी बाकावर बसून कुत्र्यासारखा धापा टाकायचो. तो म्हणायचा, "बस बावा, घाई नाही. मी कोठी पळून नाही चाललो." बागेत बारीक पोरं धावायची, बायका माझ्याकडे बघून पदर तोंडाला लावायच्या. एकजण म्हणाला, पोट पुढे अन् माणूस मागे. धनराजभाऊ त्याला म्हणाला, "तुह्यं डोस्कं तं पोटाच्याही मागं हाय बे."

एप्रिलपर्यंत अकरा किलो उतरले. सत्त्याण्णव. डॉक्टरांनी पहिल्यांदा मान हलवली. म्हणाले, "गाठ मोठी होत चालली आहे. ब्याण्णवपर्यंत आलात तरी घेतो." मेमधल्या एका सोमवारी भरती व्हायचं ठरलं.

आणि तिथंच वजन थांबलं. सत्त्याण्णव, शहाण्णव, परत सत्त्याण्णव. अर्धी भाकरी केली. फेऱ्या वाढवल्या. गाठ आता आत जायला वेळ घ्यायची. रोज झोपायच्या आधी मी तिला दाबून बघायचो, आणि आत गेली की देवाला हात जोडायचो. कधी कधी अर्धा तास लागायचा. त्या अर्ध्या तासात मी काय काय ठरवलं ते लिहीत नाही. मुलीचं लग्न कोण करील, इथपर्यंत जायचो.

आच

हा भाग लिहायचा नव्हता. मॅडम म्हणाल्या, हाच लिहा.

भरतीच्या आधीच्या गुरुवारी मी पंच्याण्णव किलो सहाशे होतो. शालन मुलीला आणायला गावी गेली होती, ऑपरेशनच्या वेळी लेक जवळ असावी म्हणून. दुकानात मी एकटा.

आमच्या धंद्यात एक शब्द आहे, घट. दागिना भट्टीत गेला की त्याचं वजन उतरतं. किती उतरेल ते मी हातात घेऊन सांगतो. सत्तावीस वर्षं मी हेच करत आलो. वजन उतरवायला मला एकच गोष्ट येते, ती म्हणजे आच.

मी दुकानाचं शटर खाली ओढलं. भट्टी पेटवली. अंगावर घोंगडी घेतली आणि समोर बसलो. बाहेर नागपूरचा मे. पाणी प्यायलो नाही, नुसतं तोंड ओलं करून थुंकायचो. धान्यबाजारात पोती तोलायच्या काट्यावर जाऊन उभा राहिलो तेव्हा दीड किलो कमी झालं होतं. इतका आनंद झाला की तिथल्या हमालाला मिठी मारावी वाटली. शुक्रवार, शनिवार, रविवार तेच. जेवण बंद.

रविवारी धनराजभाऊ दुकानावर आला. "तोंड काहून असं झालं गा तुह्यं? खोबऱ्यासारखं?"

"उपास हाय."

"कोन्त्या देवाचा एवढा?"

मी भट्टीकडं वळलो. तो बराच वेळ शटरशी उभा राहिला, मग गेला.

सोमवारी भरतीच्या काट्यावर एक्क्याण्णव आठशे. सिस्टर म्हणाल्या, "वा काका, करून दाखवलंत!" मला वॉर्डात खाट मिळाली. हिरवे कपडे दिले. मी शालनला फोन लावला. तिकडून मुलीचा आवाज आला, "पप्पा, जिंकलं तुमी!"

संध्याकाळी रक्त नेलं. मंगळवारी सकाळी डॉक्टर माझ्या खाटेशी आले ते हातात रिपोर्ट घेऊनच.

"लघवी शेवटची कधी झाली?"

मला आठवेना.

"पाणी किती पिता दिवसाला?"

मी खरं सांगितलं. भट्टी, घोंगडी, सगळं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं म्हटलं, "मूत्रपिंडांवर ताण आलाय. आता भूल दिली तर टेबलावरच जाल." आणि ऑपरेशनच्या यादीतल्या माझ्या नावावर रेघ मारली. माझ्या नावाच्या जागी पलीकडच्या खाटेवरच्या कळमेश्वरच्या म्हाताऱ्याचं नाव घातलं.

मला सलाईन लावलं. बाटलीमागून बाटली. गुरुवारी वजन केलं तर पंच्याण्णव किलो दोनशे. चार दिवस जाळून काढलेलं सगळं नळीतून परत अंगात शिरलं होतं.

बायका आमच्याकडे लाख भरलेल्या बांगड्या आणतात. वितळवल्यावर वजन निम्मं होतं आणि त्या रडतात. मी त्यांना शांतपणे सांगत आलो, बाई, जळली ती लाख, तुमचं सोनं आहे तेवढंच आहे. हे मी शेकडो बायकांना सांगितलं असेल.

शालन आणि लेक त्याच दिवशी आल्या. लेक पायथ्याशी बसली. शालननं सगळं ऐकून घेतलं.

"मला सांगायचं न्हाई?"

"तू थांबवलं असतंस."

"मग?" ती म्हणाली.  नंतर दोन दिवस माझं तोंड ओल्या फडक्यानं पुसत होती.

पुढचे महिने

मूत्रपिंडं सुधारली. बाकी काही सुधारलं नाही. पुढची तारीख नाही, वजन पंच्याण्णव, गाठ बाहेर. मी चालायला जायचा बंद झालो. भट्टी पेटवली की तिच्यासमोर बसवत नव्हतं. दुपारी मागच्या खोलीत पडून राहायचो आणि पत्र्याकडं बघायचो. पंधरा दिवस असे गेले. एवढं करून जर परत तिथंच, तर कशाला, असं वाटायचं. आजही वाटतं, खोटं कशाला बोलू.

धनराजभाऊ रोज साडेपाचला शटर वाजवायचा. मी उठायचो नाही. सोळाव्या दिवशी शालननं त्याला आत घेतलं. तो माझ्या उशाशी बसला.

"पाहा गा आनंदाभाऊ, मले एकट्याले त्या बागेत चालाले लाज वाटते. लोकं म्हणतीन हा ठेलेवाला, याले कायची चरबी आली. तू येत असशीन तं मी जातो, नाही तं माह्यंबी बंद."

मी उठलो. हिंमत वगैरे काही नव्हती. नाही म्हणायची ताकद नव्हती, एवढंच.

मॅडम रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजपासून काटा बंद. महिन्यातून एकदा, माझ्यासमोर." ते मला भट्टीपेक्षा जड गेलं. वजनाच्या धंद्यातला माणूस मी, काटा न बघता कसा राहणार. पण राहिलो. ज्वारीची भाकरी, वरण, पालेभाजी, ताक, आणि पाणी. ऑगस्टअखेर त्र्याण्णव.

ठेला

गणपतीच्या आधीची गोष्ट. बागेत तिसरी फेरी चालली होती. खाली वाकून चपलेचा अंगठा नीट केला आणि उभा राहिलो, तर गाठ बाहेर. दाबली. जाईना. परत दाबली, तर हाताला दगड लागला. घाम फुटला आणि उलटी झाली.

धनराजभाऊनं एकदाच हात लावून बघितलं. पळत जाऊन ठेला आणला. वर पोतं अंथरलं. "झोप." मी म्हटलं रिक्षा बघ. "रिक्षा येऊन राहिली तोवर आपुन पोचतो. झोप म्हणलं ना."

ब्याण्णव-त्र्याण्णव किलोचा माणूस ठेल्यावर घालून तो इतवारीतून पळत होता. टेम्पो आडवे लागलेले, पोती उतरत होती. तो ओरडत होता, "सरका, सरका बे! माणूस हाय, माल नाही!" मी आडवा पडून वर बघत होतो. दोन्ही बाजूंच्या घरांमधून आभाळाची एक पट्टी दिसत होती आणि तिच्यात विजेच्या तारांचं जाळं. मोठ्या रस्त्याला लागल्यावर एका टेम्पोवाल्यानं मला उचलून घेतलं. त्याचं नाव मला माहीत नाही.

तासाभरात टेबलावर घेतलं. वीतभर आतडं काळं पडलं होतं, ते काढून टाकलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टर आले. तेच, तरुण, थकलेले. म्हणाले, "पोट शिवलंय. पण आत घाण झाली होती, म्हणून मजबुतीची जाळी बसवता आली नाही. हर्निया परत येण्याची शक्यता बरीच आहे. वर्षभरानं पुन्हा बघू."

मी विचारलं, "साहेब, म्हणजे ते सगळं फुकट गेलं?"

ते म्हणाले, "एकशे आठचे असता तर पोट बंदच करता आलं नसतं कदाचित. उघडं ठेवून आयसीयूत न्यावं लागलं असतं. आणि तिथून सगळे परत येत नाहीत."

मॅडमना वाटतं ह्या वाक्यानं मला धीर यावा. कधी येतो, कधी येत नाही. पंधरा किलोत मला एवढं मिळालं, की पोटाची शिवण घालता आली. बरं होणं त्यात बसलं नाही.

घरी सोडताना काट्यावर उभं केलं. सत्त्याऐंशी. म्हणजे अठरा किलो उतरून वर तीन. शेवटचे पाच-सहा किलो कशानं उतरले, हे मला माहीत आहे. सिस्टरनी या वेळी नुसता आकडा लिहून घेतला.

आता

आता तीन महिने झाले. वजन एकोणनव्वद. मूस उचलायची मनाई आहे, म्हणून गावाकडचा चुलतभाऊ येऊन भट्टी चालवतो आणि मी बाहेर खुर्चीवर बसतो. चालतो. चार फेऱ्या. भाकरी एक. लेक परत गावी गेली, दहावी आहे तिची. शालनच्या बांगड्या मनगटावर आल्यात, ती आता थोडं जास्त जेवते. मी ताटाकडं बघत बसतो म्हणून पाठ करून जेवते.

तुम्हाला कोणी "इतके किलो कमी करून या" म्हटलं असेल, तर घरच्यांना त्याच दिवशी खरं सांगा. पाणी प्या. एकट्यानं चालू नका. ह्यापेक्षा जास्त मला काही कळलेलं नाही. डॉक्टर, मॅडम, सिस्टर, टेम्पोवाला, सगळ्यांचे उपकार आहेत. धनराजभाऊचे लिहून संपायचे नाहीत. तो म्हणतो, माह्यं नाव मोठं लिही.

काल दुपारी शेजारणीनं मिरच्या भाजायला घेतल्या. त्यांचा तिखट धूर आमच्या खोलीत आला आणि मला शिंक येते असं वाटलं. ऑपरेशनपासून मी शिंक दाबत आलोय, नाक चिमटीत धरून. काल दाबायला उशीर झाला. जोरात आली, अंग गदागदा हललं.

शालन भांडं घासत होती. ती राखेच्या हातांनी तशीच उठून माझ्यासमोर येऊन बसली. मी सदरा वर केला. दोघंही व्रणाकडं बघत होतो. तिनं दोन बोटं ठेवली, हळूच दाबलं. परत थोडं खाली दाबलं.

"हाय का?" मी विचारलं.

"गप बसा," ती म्हणाली, आणि बोटं तशीच ठेवून थांबली.

बोटांखाली सगळं मऊ होतं, गाठ की नुसतं पोट ते कळेना. दुसरी शिंक येत होती. मी तिचा हात धरला.